भरतीच्या वेळचे शेजारी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत डिसेंबरमध्ये केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून किरकोळ दुरुस्त्या करून देत आहे.)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी दोन व्याख्यानं झाली. एक मधुमेहावर, दुसरं मृत्युपत्र कसं करावं यावर. आपल्या सोसायटीचं सरासरी वय बघता दोन्ही विषय योग्यच होते. तिसऱ्या रविवारी मला उभं केलं आणि विषय कोणता, तर ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य. बोर्डावर नाव वाचून सी विंगमधल्या एका मित्राने लिफ्टमध्येच विचारलं, "साहेब, आयुष्य गेलं बँकेत. तुम्ही पक्ष्यांवर काय बोलणार?"

प्रश्न बरोबर आहे. मी पक्षितज्ज्ञ नाही. छत्तीस वर्षं एका राष्ट्रीयीकृत बँकेत काढली, २०१० साली निवृत्त झालो. पण एक जुना हिशेब माझ्याकडून चुकला होता. तो आज तुमच्या सगळ्यांच्या समोर दुरुस्त करायचा आहे, म्हणून उभा राहिलो. हिशेब काय ते शेवटी सांगतो. आधी खातेदारांची ओळख करून देतो.

मराठीत या पक्ष्याला रोहित म्हणतात, काही जण अग्निपंखही म्हणतात. आपण सगळे आता फ्लेमिंगोच म्हणतो, मीही तेच म्हणणार आहे. आपल्या खाडीत याच्या दोन जाती येतात. एक मोठा, चार ते पाच फूट उंच, रंगाने बराचसा पांढरा, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. दुसरा छोटा, जेमतेम तीन फुटांचा, पण रंगाने जास्त गुलाबी आणि चोच गडद. आपल्याकडे मोठ्या संख्येने दिसतात ते हे छोटे. जगाच्या यादीत छोटा फ्लेमिंगो 'संकटसमीप' गटात मोडतो. म्हणजे अजून धोक्यात नाही, पण धोक्याच्या उंबरठ्यावर उभा आहे.

हा पक्षी जेवतो मान खाली घालून, चोच उलटी करून. चोचीच्या कडांना बारीक कंगव्यासारखी रचना असते. चिखलाचं पाणी आत घ्यायचं, जिभेने बाहेर ढकलायचं आणि गाळणीत अडकलेलं खायचं. आपण चहा गाळतो तसंच. फरक इतकाच की आपण चोथा टाकतो आणि तो चोथाच खातो. छोटा फ्लेमिंगो मुख्यतः सूक्ष्म शेवाळ खातो, मोठा बारीक किडे आणि कोळंबीसारखे छोटे जीवही खातो. त्याचा गुलाबी रंगही जन्माचा नाही. पिल्लू राखाडी असतं. खाण्यातल्या रंगद्रव्यामुळे पुढे तीन-चार वर्षांत रंग चढत जातो. तेव्हा थव्यात एखादा मळकट, राखाडी दिसला तर तो आजारी नाही, प्रोबेशनवर आहे, असं समजा.

आता हे येतात कुठून? इथे माझी एक वैयक्तिक आठवण आहे.

१९८५ साली माझी बदली भुजला झाली. पदोन्नतीवर बदली, नाही म्हणायची सोय नव्हती. मुलगा लहान, पत्नी मुंबईत, आणि भुजला बँकेचे क्वार्टर्स रिकामे नव्हते. पहिले तीन महिने मी शाखेच्या मागच्या खोलीत, जुन्या लेजरच्या कपाटाशेजारी गादी टाकून झोपलो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तिथले खातेदार सांगायचे, साहेब, रणात सुरखाबांचं शहर आहे. गुजरातीत फ्लेमिंगोला सुरखाब म्हणतात. कच्छच्या मोठ्या रणात पाणी भरलं की लाखो सुरखाब तिथे जमतात, चिखलाची बुटक्या उलट्या कुंडीसारखी घरटी करतात आणि प्रत्येक घरट्यात एकच अंडं घालतात. डॉ. सलीम अली १९४५ मध्ये तिथे जाऊन आले होते आणि त्यांनी त्यावर लिहिलंही होतं. मी म्हटलं, मला न्या. ते म्हणाले, पाऊस पडू दे. आणि मी होतो ती सगळी दुष्काळाची वर्षं. ८७ चा दुष्काळ तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. रण कोरडं ठणठणीत. पाणी नाही म्हणून सुरखाब नाहीत. ८८ च्या उन्हाळ्यात माझी बदली परत मुंबईला झाली आणि त्याच वर्षी चांगला पाऊस झाला. शहर बघायचं राहिलं ते राहिलंच.

त्याच कच्छच्या रणातून आणि गुजरातच्या किनाऱ्यावरून हे पक्षी आपल्याकडे येतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ साली काही फ्लेमिंगोंच्या अंगावर उपग्रहाला संदेश देणारी छोटी यंत्रं बसवली होती. इथून निघालेले पक्षी गुजरातकडे गेल्याचं त्यातून स्पष्ट दिसलं. साधारण नोव्हेंबरपासून ते यायला लागतात आणि पाऊस तोंडावर आला की निघतात. म्हणजे आपल्या भाषेत, वर्षातली सहा-सात महिने मुंबईला पोस्टिंग आणि पावसाळ्यात संसारासाठी गावी. प्रवास बहुतेक रात्री करतात.

फ्लेमिंगो एकटेच येत नाहीत. थापट्या बदकं येतात, कुरव येतात, सुरय येतात, तुतवारासारखे चिखलात तुरुतुरु पळणारे छोटे पक्षी तर अगणित. यातले कितीतरी मध्य आशियातून, काही त्याच्याही उत्तरेकडून येतात. खाडीत दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. पण फोटो निघतो तो फ्लेमिंगोचा. प्रत्येक शाखेत असा एक देखणा कॅशिअर असतो, बाकीचे मुकाट्याने काम करतात.

आता अभयारण्याविषयी. पूर्वी, म्हणजे नव्वदच्या दशकात, फ्लेमिंगो बघायला लोक शिवडीला जायचे. पुढे खाडीच्या आतल्या भागातही त्यांची संख्या वाढत गेली. ६ ऑगस्ट २०१५ रोजी राज्य शासनाने ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्यामधला, खाडीच्या पश्चिमेकडचा भाग अभयारण्य म्हणून जाहीर केला. क्षेत्रफळ सुमारे १,६९० हेक्टर. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी. मालवणनंतर राज्यातलं हे दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातलं तिसरं. भोवतालचं संवेदनशील क्षेत्र धरून रामसर क्षेत्र साडेसहा हजार हेक्टरांच्या वर जातं. इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावरून हे नाव. आणि हे सगळं कुठे, तर एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला नवी मुंबई, मध्ये रेल्वेचे रूळ, विजेचे मनोरे आणि कारखाने. एवढ्या गर्दीत एवढं मोठं अभयारण्य, हे जगात फार ठिकाणी सापडणार नाही.

आकडे ऐकून समाधान वाटतं, नाही का? गॅझेट निघालं, बोर्ड लागला, दर्जा मिळाला. मलाही तसंच वाटत होतं. मी म्हणायचो, पक्ष्यांची सोय झाली, आता आपण फक्त बघायचं. माझा हा गैरसमज दूर केला तो सारसोळ्याच्या एका आगरी गृहस्थांनी. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठे, मी त्यांना दादा म्हणतो. आयुष्य खाडीत गेलेलं. जेट्टीवर सकाळी फिरायला गेलो की भेटतात.

मी त्यांना एकदा विचारलं, "दादा, काल याच वेळेला इथे हजारो फ्लेमिंगो होते. आज एकही नाही. गेले कुठे?"

ते म्हणाले, "तिथी कंची आज?"

मला तिथी ठाऊक नव्हती. मग त्यांनी मला किनाऱ्यावरचा जुना हिशेब शिकवला. तिथीला पाऊणाने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. समजा चतुर्थी आहे. चार पाऊणे तीन. दुपारी तीनच्या सुमारास भरती पूर्ण, आणि रात्रीही त्याच सुमारास. अष्टमी असेल तर सहा. दोन भरत्यांच्या मधोमध ओहोटी. खाडीच्या आत थोडा उशीर लागतो, पण ढोबळमानाने बरोबर येतं. मी छत्तीस वर्षं व्याज काढलं, पण असा सुटसुटीत फॉर्म्युला पाहिला नव्हता.

दादांचं म्हणणं असं, की हा पक्षी घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालतो. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा त्याचं जेवण. भरती आली की चिखलावर पुरुषभर पाणी चढतं. फ्लेमिंगोचे पाय कितीही लांब असले तरी तिथे उभं राहता येत नाही. पाणकोंबडीसारखं तो दाट कांदळवनातही शिरत नाही, त्याला उघडी जागा लागते. मग तो उडतो आणि जवळच्या उथळ पाण्यात जाऊन उभा राहतो. एका पायावर, मान पंखात घालून. चार-पाच तास विश्रांती. पाणी उतरलं की परत खाडीत. दिवसात दोन भरत्या, म्हणजे दिवसातून दोनदा.

आणि मंडळी, ही भरतीच्या वेळची जागा कुठे आहे? अभयारण्याच्या हद्दीच्या बाहेर. भांडुपच्या उदंचन केंद्राजवळची तळी, जुनी मिठागरं, उरणकडे पाणजे, आणि आपल्या नेरुळ-सीवूड्सची तळी. एनआरआय संकुलाच्या मागचं, चाणक्यच्या बाजूचं, डीपीएस शाळेजवळचं. आपल्या सी विंगच्या मागचं छोटं तळंही त्यातच धरा.

आता भुजची गोष्ट आठवा. शाखा होती, खुर्ची होती, काम होतं. क्वार्टर्स नव्हते. नोकरी शाखेत होते, पण माणूस जगतो क्वार्टरवर. तीन महिन्यांत माझं वजन सात किलो उतरलं होतं. या पक्ष्यांचंही तेच आहे. त्यांची शाखा सरकारने राखली, फार चांगलं झालं. पण क्वार्टर्स आपल्या इमारतींच्या मागे आहेत, आणि ते राहिले नाहीत तर नुसती शाखा काय कामाची? थकलेला पक्षी हवेत घिरट्या घालत राहतो. किंवा दिसेल तिथे उतरतो.

२०२४ चा उन्हाळा आपण सगळ्यांनी पाहिला. डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी येईनासं झालं, तळं सुकत गेलं. एप्रिल-मे मध्ये त्या परिसरात फ्लेमिंगो भरकटून रस्त्यावर उतरल्याच्या, काही मेल्याच्या बातम्या आल्या. २० मेच्या रात्री घाटकोपरला विमानाची धडक बसून चाळीसच्या आसपास फ्लेमिंगो एकाच वेळी मेले. नागरिकांनी तळ्यासाठी आवाज उठवला, मानवी साखळ्या केल्या. आपल्या सोसायटीतूनही दहा-बारा जण गेले होते. पुढे एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. लोकांनी रेटा लावला तर कागद हलतो, हे मी बँकवाला असूनही मान्य करतो.

त्याच मे महिन्यातली आपल्या आवारातली गोष्ट काहींना ठाऊक आहे, काहींना नाही. पहाटे पाचला वॉचमनने मला इंटरकॉम केला. बी विंगच्या स्टिल्टमध्ये, दोन गाड्यांच्या मध्ये एक फ्लेमिंगो बसला होता. उभा नव्हता, बसला होता. वॉचमनने शहाणपणाने त्याच्यावर पोत्याची सावली धरली होती आणि कुत्र्यांना हाकललं होतं. आम्ही वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन केला. माणसं लगेच निघाली. पण ती पोहोचायच्या आत त्याने मान टाकली. मी इतक्या जवळून फ्लेमिंगो पहिल्यांदाच पाहत होतो. भुजला जे बघायला मिळालं नाही ते असं, गाडीच्या टायरपाशी बघायला मिळालं.

त्याच्या पंधरा दिवस आधी आपण गच्चीवर चार नवीन एलईडी फोकस लावले होते. चोऱ्या होतात म्हणून. दोन रस्त्याकडे, दोन खाडीकडे. त्या दिव्यांनी तो पक्षी मेला असं मी म्हणणार नाही. ऑडिटमध्ये पुराव्याशिवाय शेरा मारत नाहीत. पण रात्री उडणाऱ्या पक्ष्याला प्रखर प्रकाशाने दिशाभूल होते, हे तज्ज्ञ सांगतात. आणि खाडीकडून कोणी चोर पोहत येणार नाही, हे आपल्याला ठाऊक आहे.

आता तो चुकलेला हिशेब.

२००३ साली मी या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. आपण नवीन राहायला आलो होतो. मागच्या तळ्याची तक्रार घराघरातून होती. डास, वास, साप. त्या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एकमताने ठराव झाला की, मागची 'निरुपयोगी दलदल' भराव घालून बुजवावी आणि तिथे ज्येष्ठ नागरिकांसाठी उद्यान करावं, अशी संबंधित कार्यालयाला विनंती करावी. पत्र मी लिहिलं. 'निरुपयोगी दलदल' हे शब्द माझे. पत्राची आवक शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे आहे. ही बघा. बँकेची सवय, कागद टाकवत नाही.

या पत्रावर काहीही झालं नाही. तीन स्मरणपत्रं पाठवली, तरी झालं नाही. तेव्हा मी फार चिडलो होतो. आज त्या फायलीवर जो कोणी झोपून राहिला, त्याचे मी मनापासून आभार मानतो.

कारण २००५ चा २६ जुलै आला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. आपल्याकडेही आभाळ फाटलं होतं. त्या दिवशी मला कळलं की ते तळं निरुपयोगी नाही. नवी मुंबईचा बराचसा भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. भरतीच्या वेळी खाडीकडची दारं बंद होतात आणि शहराचं पावसाचं पाणी अशा तळ्यांमध्ये साठतं, ओहोटीला बाहेर जातं. म्हणून त्यांना होल्डिंग पॉन्ड म्हणतात. त्या रात्री आपल्या स्टिल्टमध्ये पाणी घोट्याच्या वर चढलं नाही. ते तळं बुजलं असतं, तर तळमजल्यावरच्या आपल्या सहा कुटुंबांनी ती रात्र कुठे काढली असती? ज्याला मी दलदल म्हटलं ती आपली अनामत रक्कम होती.

आणि फ्लेमिंगो? २००८ च्या जानेवारीत मी आणि पत्नी तळ्याकडेने चालत होतो. पाण्यात गुलाबी-पांढरं काहीतरी विखुरलेलं दिसलं. मी म्हटलं, बघ, पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकल्या लोकांनी. दोन मिनिटं लोकांच्या नावाने बोटं मोडली. तेव्हा ती म्हणाली, "अहो, त्या पिशव्या चालतायत." ती पहिल्या रांगेत बसली आहे, त्यामुळे यात पदरचं काही घालायची सोय नाही. ज्यांना बघायला मी कच्छमध्ये तीन वर्षं वाट पाहिली, ते वीस वर्षांनी माझ्या घराच्या मागे उभे होते. आणि ती जागा बुजवा म्हणून मीच सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं होतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे पक्षी एवढे का वाढले, तर त्यामागे आपलं सांडपाणीही आहे. त्यातल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ माजतं, आणि शेवाळ हे छोट्या फ्लेमिंगोचं अन्न. म्हणून खाडी घाण ठेवा असं नाही. त्याच पाण्यातून कारखान्यांची रसायनंही येतात. गाळ साचतो, त्यावर तिवरं पसरतात आणि उघडा चिखल कमी होतो. तिवरं हवीतच, उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांची तोड थांबवली ते योग्यच झालं. पण पक्ष्यांना चिखलही हवा. पूर्वी या खाडीत जिताडा, बोय, कोळंबी भरपूर मिळायची, असं दादा सांगतात. आता त्यांच्या नातवंडांनी होड्या सोडल्या. पक्षी आले म्हणजे खाडी सुदृढ झाली, असा निष्कर्ष काढू नका. बॅलन्स शीटची एकच बाजू वाचून कर्ज मंजूर करू नये.

आता माझ्या मागण्या. भाषण संपवताना मागणी केली नाही तर तो सेक्रेटरी कसला, माजी असला म्हणून काय झालं!

पहिली. येत्या सभेत २००३ चा तो ठराव रीतसर मागे घ्यावा आणि तसं पत्र त्याच कार्यालयाला पाठवावं. काही जण हसतील. एवढ्या जुन्या पत्राला कोण विचारतो? पण फाइल जिवंत असते, मंडळी. उद्या कोणाला भराव घालायचा असेल तर "रहिवाशांचीच मागणी होती" म्हणून माझंच पत्र तो पुढे करेल. ते पत्र मी लिहिलं, तेव्हा मागे घेण्याचं पत्रही मीच लिहीन. मसुदा तयार आहे.

दुसरी. खाडीकडचे दोन फोकस काढावेत, निदान खाली वळवावेत. आणि रौप्यमहोत्सवाची रोषणाई, जी मुलांनी फार सुंदर केली आहे, ती सी विंगच्या मागच्या बाजूने रात्री दहानंतर बंद ठेवावी. पुढच्या बाजूला हवी तितकी झगमग करा. पंचवीस वर्षं झाली आहेत, आनंद व्हायलाच हवा.

तिसरी. तळ्यात भरतीचं पाणी येतं त्या नाल्याच्या तोंडाशी महिन्यातून एकदा आपल्यापैकी दोघांनी जाऊन बघावं. कचरा अडकलाय का, डेब्रिज टाकलंय का. दिसलं तर फोटो, तारीख आणि लेखी तक्रार. तोंडी काही नको. नोव्हेंबर ते मे ही ड्यूटी मी घेतो. जोडीला एक तरुण माणूस द्या, कारण माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत.

चौथी मुलांसाठी. ऐरोलीला वनखात्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून खाडीत बोट जाते. बोट भरती-ओहोटी बघून सुटते, म्हणून वेळ आधी विचारून जावं. मी नातीला घेऊन गेलो होतो. बोट जवळ गेली तसे थव्यातले सगळे एकदम माना वळवून एका दिशेला चालायला लागले. नात म्हणाली, "आजोबा, यांची प्रार्थना सुटली वाटतं." त्यानंतर तिने मोबाइल मागितला नाही. अर्धा तासच, पण नाही मागितला.

आणि जखमी पक्षी सापडला तर एवढंच करा. गर्दी करू नका, फोटो काढत बसू नका, तोंडात पाणी ओतू नका. अंधाऱ्या, शांत जागी खोक्यात किंवा कापडाखाली ठेवा आणि १९२६ ला फोन करा.

मंडळी, आपल्यापैकी बहुतेक जण इथले मूळचे नाही. कोणी साताऱ्याहून आलं, कोणी जळगावहून, कोणी गिरगावातली चाळ सोडून. बदलीवर आलो, घर घेतलं आणि टिकलो. कारण इथे आपल्याला राहायला जागा मिळाली. ती जागा ज्यांची होती, ते सारसोळे, करावे, दारावे इथले आगरी-कोळी लोक बाजूला सरकले, म्हणून मिळाली. आता आपली पाळी आहे. भरतीच्या वेळी चार तास उभं राहायला उथळ पाणी आणि रात्रीचा अंधार, एवढंच कोणी मागतंय. भाडं नाही, पार्किंग नाही, पाण्याचं बिल नाही. असा शेजारी आपल्याला दुसरा मिळायचा नाही.

पुढच्या रविवारी सकाळी सी विंगच्या मागच्या गेटपाशी जमू. किती वाजता, ते मी आत्ता सांगत नाही. कॅलेंडर बघा, तिथीला पाऊणाने गुणा आणि या. जो बरोबर वेळेला येईल त्याला माझ्याकडून चहा. ज्याचं गणित चुकेल त्याने आम्हाला पाजायचा.